प्रभुभोजनातली करवंदं

एप्रिल सरता सरता माझ्या नातीने एका दुपारी दोन गोष्टी माझ्यापुढे एकदम ठेवल्या. एक, पळसाच्या पानाच्या द्रोणातली काळीभोर करवंदं. बाजाराच्या तोंडाशी कुरवंड्याची एक बाई ती घेऊन बसते. दुसरी, वहीचं कोरं पान.

"आजी, एक पान भरून लिहायचंय. तारणाला विश्वास पुरे, की पश्चात्ताप आणि संपूर्ण समर्पण पण लागतं? मी लिहिणारे की विश्वास पुरे. बरोबर ना?"

नात सोळा वर्षांची. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आमच्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेणार होती, आणि त्याआधी पास्टरांनी अशा मुलांचा वर्ग घेतला होता. प्रश्न त्यांचा होता. उत्तर मात्र हिचं आधीच ठरलेलं होतं आणि मान अशी ताठ, की मला आरशात बघितल्यासारखं झालं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या आरशात.

मी एक करवंद तोंडात टाकलं आणि म्हटलं, "विचार करून सांगते."

"तुला विचार करायला लागतो? बाबा तर म्हणतात, आजी म्हणजे चालतंबोलतं शास्त्र."

तिच्या बापाला काय माहीत! त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मी तेवीस वर्षांची होते तेव्हाचं सांगते. लग्न होऊन लोणावळ्याला येऊन वर्ष झालं होतं. नवरा रेल्वेत, घाट चढून आलेल्या गाड्यांची मागची इंजिनं सोडवायच्या कामावर. मी माहेरी शास्त्राच्या पाठांतरात दरवर्षी बक्षीस मिळवलेली. इथे आल्या आल्या शब्बाथशाळेत शिकवायला लागले. म्हणजे दर रविवारी उपासनेआधी चर्चच्या व्हरांड्यात पंधरा-वीस मुलांना गोळा करून बोधकथा सांगायच्या. चर्चची किल्लीही माझ्याकडेच असे. तेव्हा मला ठामपणे वाटायचं की या मंडळीत देवाला खरं ओळखणारे दोनच लोक आहेत, आणि त्यातले एक पास्टर असावेत.

तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने की पश्चात्तापाने, हा माझा आवडता वाद. समोरचा कोण आहे हेही मी बघत नसे. भाजीवाली हिंदू होती, तिलाही मी कोथिंबीर निवडता निवडता समजावलं होतं की तारण फुकट मिळतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. ती म्हणाली, "मग ताई, कोथमिरीचं पैसं तेवढं द्या."

माझं हुकमी पान म्हणजे येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा तो चोर. जन्मभर चोऱ्या केल्या, शेवटच्या घटकेला प्रभूकडे वळून बघितलं, आणि त्याच दिवशी सुखलोकात. ना चोरलेलं परत केलं, ना कुणाची माफी मागितली. "आता बोला!" असं म्हणून मी हाताची घडी घालायची. बहुतेक लोक बोलत नसत. त्यांना मुद्दा पटला असं मी समजायचे. ते दमलेले असायचे, हे मला पुढे नातवंडं झाल्यावर कळलं.

आता मावशी. मावशी म्हणजे माझी नात्याची कुणी नव्हे, सगळी मंडळीच तिला मावशी म्हणायची. माहेर कुरवंड्याकडचं, नवरा लवकर गेलेला, एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. लिहितावाचता येत नव्हतं. गाण्यात सूर नव्हता. वर्गणी बेताची. पण मंडळीत तिच्याकडे एक सेवा होती. प्रभुभोजनाचा द्राक्षरस ती करायची. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. मावशी शुक्रवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायची, शनिवारी उकळायची, हाताने कुसकरून पांढऱ्या फडक्यातून गाळायची, आणि एका बुचाच्या बाटलीत भरून रविवारी सकाळी चर्चमध्ये आणून ठेवायची. पदराखाली धरून आणायची, तान्हं मूल आणावं तशी. त्या दिवशी तिची चालही वेगळी असायची.

त्या मे महिन्यात मावशीच्या मुलीचे तळेगावला दिवस भरले. शनिवारी सकाळी निरोप आला. मावशीने घाईघाईत रस उकळला, गाळला, बाटली माझ्या घरी आणली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, मला जावं लागतंय. उद्या तेवढी टेबलावर ठिवशील? सांबाळ बरं."

"मावशी, काळजी नको. माझ्याकडे आहे म्हणजे झालंच."

ही बढाईसुद्धा मला अजून पाठ आहे.

दुपारी घरात मी एकटी. दुसऱ्या दिवशीच्या धड्याची तयारी करायची होती. धडा कुठला? अर्थात चोराचा. मुलांना नुसतं सांगून कळत नाही, करून दाखवलं पाहिजे, असं माझं मत. म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, मान एका बाजूला टाकली, आणि रिकाम्या घरात मोठ्या आवाजात "प्रभू, माझी आठवण ठेव!" असं म्हणत दोन्ही हात झोकात पसरले.

उजवा हात बाटलीला लागला.

बाटली फरशीवर पडली आणि रस थेट चुलीपर्यंत वाहत गेला. मी तशीच हात पसरून उभी. माझ्या चोराचा चेहरा त्या वेळी जेवढा खरा झाला असेल, तेवढा नंतर कधी झाला नाही.

आता साधी गोष्ट होती. पास्टरांचं घर दहा मिनिटांवर. जाऊन सांगायचं, की पास्टर, बाटली फुटली माझ्या हातून. त्यांनी फार तर मान हलवली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, कशी फुटली? आणि काय सांगणार, नाटक करत होते? मी, शास्त्राची बक्षिसं मिळवलेली! बाजारात मनुका मिळाल्या असत्या, पण त्या रात्रभर भिजायला हव्यात असं मावशी नेहमी सांगायची. आणि दुकानदार आमच्याच मंडळीतला.

कोपऱ्यात टोपलीत करवंदं होती. लोणच्यासाठी घेतलेली, काळी पुष्कळ आणि हिरवी थोडी. मी त्यांच्याकडे बघितलं. रंग तर तोच होता.

पुढचं मी फार लांबवत नाही. घाईत हिरवी-काळी वेगळी केली नाहीत. सगळी पातेल्यात घातली, साखर ओतली, उकळली, कुसकरली, नवऱ्याच्या पांढऱ्या पंच्यातून गाळली, आणि रॉकेलवाल्याने दिलेली एक बाटली चारदा धुऊन तिच्यात भरली. चाखून बघितलं. आंबट होतं. आणखी साखर घातली. मग देवापुढे गुडघे टेकले आणि म्हटलं, प्रभू, तुला सगळं माहीत आहे, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. उठताना मला खरोखर हलकं वाटलं. तारण किती सोपं आहे असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळीने ते घेतलं. आमच्याकडे अंगठ्याएवढे प्याले असतात, सगळे एकदमच पितात. प्याले वर गेले आणि साठ-सत्तर माणसांचे डोळे एकदम बारीक झाले. हिरव्या करवंदांना चीक असतो, पांढरा आणि चिवट. पास्टर आशीर्वाद द्यायला उभे राहिले, तोंड उघडायला गेले, आणि ओठाला ओठ चिकटलेले. पहिला शब्द त्यांनी जिभेने ढकलून बाहेर काढला. मागच्या बाकावरून कामशेतचे एक म्हातारे आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "करवंदं हायती ही." दोघंतिघं हसले, कुणी खरं धरलं नाही. चर्चमध्ये करवंदं येतील कुठून?

मंडळीच्या पंचांनी विचार केला आणि त्यांना एकच कारण सापडलं. उन्हाळा, रस नीट उकळला नसेल, आंबला. आणि आंबलेला द्राक्षरस म्हणजे काय, हे आमच्या दारू न पिणाऱ्या मंडळीत कुणी मोठ्याने म्हणालं नाही, पण हळू आवाजात बरेचजण म्हणाले. ठरलं असं, की मावशीवर राग नाही, पण पुढच्या महिन्यापासून बाजारातलं द्राक्षाचं बाटलीबंद सरबत आणावं. मी व्हरांड्यात मुलांच्या वह्या गोळा करत हे सगळं ऐकलं.

घरी आल्यावर नवऱ्याने रंगलेला पंचा माझ्यापुढे धरला आणि रिकाम्या टोपलीकडे बघितलं.

"सांगणार आहेस ना?"

"देवाला सांगितलंय. त्याने क्षमा केली."

"देवाने कुठे प्यायलं? प्यायलो आम्ही."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चूक माझी असली की मी अबोला धरते, ही सवय अजून आहे.

मावशी बुधवारी आली. मुलीला मुलगी झाली म्हणून माझ्यासाठी डिंकाचा लाडू घेऊन आली. तिला रस्त्यातच कुणीतरी सांगितलं होतं. चेहरा उतरलेला. "मास्तरीणबाई, तू घेतलंस ना? खरं सांग. कसं लागलं?"

मी लाडू खात म्हटलं, "जरासं आंबट होतं, मावशी."

बघा, एक शब्द खोटा नाही.

"उकळी कमी दिली म्या," ती म्हणाली. "घाईत व्हते. पोरीचं ध्यान, देवाचं न्हाई."

त्यानंतर मावशी पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसायला लागली, दाराजवळ. हात मांडीवर ठेवून. त्या हातांना काही धरायला उरलं नव्हतं. काही वर्षांनी ती तळेगावला मुलीकडे राहायला गेली. लग्नाकार्यात, नाताळात भेट व्हायची, आणि दर वेळी कधीतरी ती म्हणायचीच, "तवा माजं चुकलं बघ." आणि मी, आता हसू नका, मी तिचा हात धरून सांगायचे, "जाऊ दे मावशी, देव क्षमा करतो." माझ्या पापाची मी तिला पंचेचाळीस वर्षं क्षमा करत आले होते.

तर असं पान नातीला कसं लिहून द्यायचं?

मी रात्र वगैरे तळमळत काढली नाही. मला झोप चांगली लागते. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना नवऱ्याला म्हटलं, "मावशी आता सत्त्याऐंशीची झाली असेल."

त्याला आता कमी ऐकू येतं, म्हणून सोयीचं तेवढंच ऐकतो. हे ऐकलं. "लोकल साडेनऊला आहे," म्हणाला.

तळेगावात आता इमारतींचं जंगल झालंय. मावशी नातवाच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. सुरकुत्यांची झाली होती, पण डोळे चलाख. मुलगी आत कुकर लावत होती. मी ठरवून गेले होते की आधी प्रार्थना करू, मग हळूहळू विषय काढू. पण मावशीनेच हात धरला आणि म्हणाली, "ये मास्तरीणबाई. तवा माजं..."

"मावशी, ती करवंदं होती."

"काय व्हतं?"

"तुझा रस माझ्या हातून सांडला. मी करवंदं उकळून ठेवली. तुझं काही चुकलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. भिंतीला पाठ लावून हात पसरलेलेही सांगितले. तिला नीट कळेना म्हणून गॅलरीतच उभी राहून करून दाखवलं. अडुसष्टाव्या वर्षी, समोरच्या इमारतीतली एक बाई कपडे वाळत घालायची थांबून बघत असताना.

मावशीने पदर हातात घेतला. मला वाटलं रडेल. मीच रडायच्या बेतात होते. मग ती म्हणाली, "म्हंजे मी एवढी वर्सं पश्चात्ताप केला त्यो?"

"हो."

"समदा वाया?"

"मावशी..."

"गुडघं दुखंस्तोवर प्रार्थना केली म्या. उपास केले. शुक्रवारचे! आन् पाप तुजं?" ती संतापली होती, खरंच संतापली होती. "तुला एवढी वर्सं सांगाया काय झालतं?"

माझ्या तोंडून तेच आलं. जुनं पान, कोपरे झिजलेलं. "देवाला सांगितलं होतं, मावशी. विश्वासाने क्षमा मिळते असं वाटायचं. त्या चोराने तरी कुठं कुणाची माफी मागितली?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, मी उभा जन्म शिकवण्यात घालवलेला.

"आगं, त्येचं हात खिळ्यांनी ठोकल्यालं व्हतं. त्यो काय परत देनार? तुजं तर मोकळं हायती."

आणि वर, "ठोकल्यालं आसतं तर माजी बाटली वाचली आसती."

ती पहिल्यांदा हसली, दात नसलेलं हसू. मी हसता हसता रडले. आत कुकरची शिट्टी झाली आणि तिची मुलगी बाहेर येऊन विचारायला लागली, काय झालं, काय झालं.

क्षमा केली, असं काही मावशी म्हणाली नाही. मी वाट बघत बसले, तरी नाही. चहा झाला तेव्हा म्हणाली, "आता माजी बाटली आन."

"कुठली?"

"पयल्या रविवारची. मनुका आन. हितं माज्यासमोर कर. मी सांगंन तसं. आन् कुनाची हाय ते चर्चमंदी सांग. उभी राहून. बसून न्हाई."

याला मात्र मी घाबरले. मावशीच्या गॅलरीत पाप कबूल करणं वेगळं. मंडळीत आता माझा मान आहे. लोक मला विचारून लग्नं जमवतात. नातीचा पहिला प्रभुभोजनाचा दिवस, पहिल्या बाकावर तिच्या मैत्रिणी. परत येताना लोकलच्या खिडकीशी बसून मी पळवाटा शोधल्या. पास्टरांनाच सांगायला लावू का? चिठ्ठी लिहू का? मग लक्षात आलं, ही तीच तेवीस वर्षांची बाई आहे, नुसती केस पांढरे करून बसलीय. पाप आठवणं सोपं, त्याचं वाईट वाटणंही सोपं. अवघड होतं ते माझं नाव खाली ठेवणं, आणि पास्टरांच्या प्रश्नातलं 'संपूर्ण समर्पण' म्हणजे बहुधा तेवढंच होतं.

आमचे पास्टर तरुण आहेत, मोटारसायकलवर फिरतात. त्यांना सांगितलं तर त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, आणि विचारलं, "करवंदाचं खरंच कुणाला कळलं नाही?"

"एका आबांना कळलं होतं."

"आजी, तुम्ही रविवारी बोला. मी उपदेश दहा मिनिटं कमी करतो." मंडळीला त्या दिवशी मिळालेला पहिला आशीर्वाद तो.

शनिवारी नातीला घेऊन पुन्हा तळेगाव. मनुका मी शुक्रवारीच भिजवून डब्यात घेतल्या होत्या. मावशी स्वयंपाकघरात स्टुलावर, मी ओट्याशी, नात दारात फोन घेऊन. मावशी हुकूम सोडत होती. गॅस बारीक. ढवळू नको सारकं. हाताने कुसकर, मिक्सर न्हाई. आता आनिक एक उकळी. मी गाळून बाटली भरली. फडक्यात चोथा उरला, गरम, काळा, गोड वासाचा. मी तो कुंडीत टाकायला निघाले, कारण प्रभुभोजनाचं उरलेलं मातीत घालायचं, कुणी खायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

"थांब," मावशी म्हणाली. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्यो पश्चात्ताप माजा शिल्लक हाय न्हवं?"

"आहे म्हणायचा."

"मग ह्येच्यावर लाव. त्यो चोथा मी कवा मातीत घातला न्हाई. दर म्हैन्याला खाल्ला. गूळ घालून."

नातीचा फोन हातातून पडायचा राहिला. आमच्या मंडळीतली सगळ्यात पवित्र बाई!

"देवाला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"देवाला म्हाईत हाय की," मावशी म्हणाली. आणि आपण काय बोललो ते कळून दोघी एकदम हसलो. मग मावशीच्या मुलीने गुळाचा खडा दिला आणि नातीसकट आम्ही तिघींनी वाटीत तो चोथा खाल्ला. मातीत घालायला जेमतेम चमचाभर उरला.

बाटली मी लोकलमध्ये दोन्ही हातांनी धरून आणली, मांडीवर. नातीने दोनदा विचारलं, "आजी, मी धरू?" मी दिली नाही.

रविवारी मावशीला नातवाने गाडीतून आणलं. ती जुन्या सवयीने दाराजवळच्या बाकाकडे निघाली होती. नातीने तिला धरून पुढे आणलं. मी उभी राहिले. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले की आजचा रस मावशीच्या हाताखाली झालाय, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी जो आंबट निघाला तो तिचा नव्हताच, माझा होता, करवंदांचा, आणि मी भित्री होते म्हणून बोलले नाही, आणि तिची सेवा माझ्यामुळे गेली. बसताना गुडघा वाजला.

मग मागून एक म्हातारा आवाज आला, "आमचा आबा म्हनतच व्हता!" कामशेतच्या त्या आबांचा हा मुलगा, आता स्वतःच आजोबा. चर्च असं हसलं की पास्टरांना गीत लवकर सुरू करावं लागलं.

नातीने पान लिहिलं. मी वाचायला मागितलं तर म्हणाली, पास्टरांना दिलं. काय लिहिलंस? तर म्हणे, "विश्वास पुरे, पण बाटली परत नेऊन द्यावी." पास्टरांनी खाली बरोबरची खूण केली की नाही, ते तिने सांगितलं नाही. मी अजूनही मत द्यायचंच तर विश्वासालाच देईन. जुनी खोड. कृपा फुकट मिळते हेही खरंच मानते. फक्त आता वाद घालताना हात जवळ ठेवते.

आणि मावशी? प्याला पिऊन झाल्यावर तिने ओठ पुसले, मला कोपराने ढोसलं आणि सगळ्या पहिल्या बाकाला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "उकळी एक कमीच पडली. पुढच्या म्हैन्याला मी येती."